छातीतल्या पाण्याचे कारण शोधणारा विभाग: एक अभिप्राय

सासऱ्यांच्या उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी साचले होते आणि आधीच्या ठिकाणी ते एकदा काढूनही कारण कळले नव्हते, म्हणून आम्ही त्यांना एका मोठ्या रुग्णालयातील फुफ्फुसावरणाच्या विभागात नेले. निदानाच्या कामात मी या विभागाला पूर्ण गुण देईन. रुग्णाच्या सोयीबाबत मात्र थोडे हातचे राखून.

येथील डॉक्टर कोणतीही पायरी गाळत नाहीत, हे मला सर्वांत मोलाचे वाटले. सुई घालण्यापूर्वी सोनोग्राफी करून जागा निश्चित केली गेली, आणि पाण्यासोबतच रक्ताचा नमुनाही घेतला गेला. आधीच्या ठिकाणी रक्त घेतलेच नव्हते, त्यामुळे तो अहवाल जवळजवळ निरुपयोगी ठरला होता. अमेरिकी फुफ्फुसतज्ज्ञ रिचर्ड लाइट यांनी 1972 मध्ये मांडलेल्या निकषांनुसार पाण्यातील प्रथिने रक्तातील प्रथिनांच्या निम्म्याहून अधिक असतील, किंवा एलडीएच (पेशींना इजा झाल्यावर वाढणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम) ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल, तर दोष बहुधा फुफ्फुसावरणातच असतो. एरवी हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड यांच्याकडे पाहावे लागते. सासरे हृदयविकारासाठी लघवी वाढवणारी गोळी घेतात आणि त्या गोळीमुळे हे निकष फसू शकतात, म्हणजे हृदयामुळे साचलेले पाणीही आवरणाच्या दोषाचे भासू शकते, हे डॉक्टरांनी आम्ही न विचारता सांगितले व रक्त आणि पाणी यांच्यातील अल्ब्युमिन या प्रथिनाचा फरकही तपासला. तो डेसिलिटरमागे 1.2 ग्रॅमपेक्षा कमी निघाल्याने केवळ हृदयाला जबाबदार धरून थांबता येणार नव्हते.

एडीए (क्षयामुळे साचलेल्या पाण्यात वाढणारे विकर) लिटरमागे 40 युनिटच्या बरेच खाली होते, त्यामुळे क्षयाची शक्यता मागे पडली. नुसत्या अंदाजावर टीबीची औषधे सुरू केली नाहीत, याबद्दल मी विशेष कृतज्ञ आहे. पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत, तेव्हा आम्ही निश्चिंत होऊ लागलो होतो. परंतु कर्करोग असतानाही ही तपासणी साधारण 60 टक्के रुग्णांमध्येच तो पकडते, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावले. सीटी स्कॅनमध्ये आवरण जाड दिसल्यावर थोरॅकोस्कोपीचा, म्हणजे छातीत दुर्बीण घालून तपासण्याचा, निर्णय झाला. बरगड्यांच्या मधल्या छोट्या छेदातून दुर्बीण आत घालून, पाणी काढून, आवरण डोळ्यांनी पाहून त्याचे तुकडे घेतले जातात, आणि कर्करोग असल्यास तो सापडण्याचे प्रमाण 90 टक्क्यांहून अधिक असते. रुग्णाला गुंगीचे औषध देऊन व जागा बधिर करून हे केले गेले.

त्रुटीही सांगायला हव्यात. संमतिपत्र ऐन वेळी हातात दिले गेले, त्यामुळे ते नीट वाचता आले नाही. थोरॅकोस्कोपीनंतर पाणी व हवा बाहेर काढणारी नळी छातीत असताना रात्री वेदनाशामक औषध मिळायला फार वेळ लागला. वयस्कर माणसाला तो त्रास टाळता आला असता.

बायोप्सीत, म्हणजे त्या तुकड्यांच्या तपासणीत, कर्करोग नाही, क्षय नाही, केवळ अविशिष्ट दाह, म्हणजे ठरावीक कारण न दाखवणारी सूज, आढळला. असे उत्तर मिळालेल्या काही रुग्णांमध्ये पुढे कर्करोग उघड होतो, हे लपवून न ठेवता विभागाने पुढील तपासण्यांच्या तारखा लगेच लिहून दिल्या, आणि धाप वाढली किंवा वजन घटले तर तारखेची वाट न पाहता यावे, असेही बजावले.