कस्टम रॉमआधीचा बॅकअप : आठ महिने, दोनदा पुसलेला फोन आणि आईची भिशी

मी डेव्हलपर वगैरे नाही. लोअर परळला अकाउंट्समध्ये काम करते, राहते भांडुपला. फोन वनप्लस ६, २०१८ सालचा. कंपनीने अँड्रॉइड ११ वर त्याचे अपडेट थांबवले, पण बॅटरी बदलून घेतल्यावर तो ठणठणीत चालत होता, म्हणून टाकवेना. गेल्या जुलैत त्यावर लिनेजओएस घालायचं ठरवलं, म्हणजे कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी बाहेरच्या लोकांनी बनवलेली अँड्रॉइडची आवृत्ती. अशा आवृत्तीला कस्टम रॉम म्हणतात. रॉम घालणं कठीण नाही, पायऱ्या वाचत गेलं की होतं. खरा घाम काढला त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाने. म्हणून हा अनुभव रॉमचा कमी आणि बॅकअपचा जास्त आहे.

आधी एक गोची समजून घ्या, कारण ती मला रविवारी दुपारी, केबल जोडल्यावर समजली. ॲपच्या आतला डेटा पूर्ण उचलायचा तर फोन रूट केलेला, म्हणजे सिस्टीमचे सगळे अधिकार आपल्या हातात असलेला लागतो. रूट करायला बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, अनलॉक करावा लागतो. आणि बूटलोडर अनलॉक केला की फोन स्वतःला पुसून टाकतो. वेड गेल्याशिवाय लग्न होईना आणि लग्न झाल्याशिवाय वेड जाईना, त्यातली गत. म्हणजे ज्या दिवशी बॅकअपची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी बॅकअपची तगडी ॲप्स हातात नसतात. पूर्वी एडीबीच्या (लॅपटॉपवरून केबलने फोनला हुकूम द्यायचं साधन) एका कमांडने बरंच काही खेचता यायचं, पण ती सोय आता मोडीत काढल्यासारखीच आहे. अँड्रॉइड १२ पासून नव्या धाटणीची ॲप्स त्यात आपला डेटा देतच नाहीत.

गुगलचा स्वतःचा बॅकअप आहे, पण तो एका ॲपमागे २५ एमबीपर्यंतच घेतो आणि ॲप बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच. आता माझ्या फोनात एक ॲप होतं ज्याने ती दिलेली नव्हती. आईची भिशी. पंधरा बायका, महिना दोन हजार, चार वर्षांचा हिशोब. कोणी कधी उचलली, कोणाचे पैसे उशिरा आले, सगळं एका फुकटच्या छोट्या ॲपमध्ये मी भरत होते. त्यात एक्सपोर्टचं बटणच नव्हतं. हे मला चार वर्षांत कधी बघावंसं वाटलं नाही.

त्या रविवारी मेगाब्लॉक होता, बाहेर धो धो पाऊस, म्हणजे कुठे जायचा प्रश्नच नव्हता. भिशीच्या पानांचे एकेक करून स्क्रीनशॉट काढत बसले. आई दोनदा डोकावून गेली.

"अगं, माझ्या वहीत आहे ना सगळं."

"असू दे गं. फोनातलं नीट असतं."

हे वाक्य लक्षात ठेवा.

बाकीचं त्या मानाने सरळ होतं, पण प्रत्येकाचा रस्ता वेगळा. फोटो हार्ड डिस्कवर. एसएमएस आणि कॉलची यादी एक्सएमएल फाईलमध्ये. संपर्क सगळे गुगल खात्यात आहेत अशी माझी समजूत होती. उघडून बघितलं तर ८४ नंबर 'फोन' या जागी सेव्ह झालेले. दूधवाला, प्लंबर, सोसायटीचा वॉचमन, म्हणजे ज्यांच्यावाचून घर चालत नाही तेच नेमके. ते व्हीसीएफ, म्हणजे संपर्कांची फाईल करून काढले.

टू-स्टेप लॉगिनचे कोड मी एजिस या ॲपमध्ये ठेवते. त्याची एन्क्रिप्टेड फाईल काढून लॅपटॉपवर टाकली. तेव्हा ट्यूब पेटली की नव्या रॉमवर गुगल खातं उघडायलाच कोड लागणार, आणि कोड देणारं ॲप याच फोनात, जो आता पुसला जाणार आहे. गुगल असे दहा बॅकअप कोड देतं, आठ-आठ आकड्यांचे. ते प्रिंट काढून पाकिटात ठेवले. एवढं एक काम केलं नसतं आणि लॅपटॉपही लॉगआउट झालेला असता तर काय, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

व्हॉट्सॲपचं सांगायचं तर ड्राइव्हवरचा बॅकअप २०२४ पासून तुमच्या १५ जीबीत मोजला जातो. माझी जागा फोटोंनीच भरली होती, म्हणून मी फोनातलं फोल्डर जसंच्या तसं लॅपटॉपवर घेतलं. नव्या रॉमवर ॲप टाकलं, एकदाही न उघडता फोल्डर मूळ जागी ठेवलं आणि मगच नंबर पडताळला. त्याने जुना बॅकअप सापडल्याचं सांगितलं आणि सगळं आलं. एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केला असेल तर ६४ आकडी-अक्षरी किल्ली किंवा पासवर्ड जपून ठेवा, त्याशिवाय ती फाईल म्हणजे दगड. सिग्नल या मेसेजिंग ॲपचंही तसंच. बॅकअप घेताना ते एक लांबलचक किल्ली दाखवतं, ती लिहून घ्यायची.

यूपीआय मात्र कुठल्याच बॅकअपमध्ये येत नाही, यायलाही नको. ते सिम आणि फोन यांच्या जोडीला बांधलेलं असतं, नव्याने एसएमएस पाठवून नोंदणी करावी लागते. अनलॉक केलेल्या फोनवर माझ्या बँकेचं ॲप उघडायलाच तयार नव्हतं. बँकेची बाजू मला पटते, त्यामुळे त्याच्याशी झटापट केली नाही. दादाचा जुना फोन घेतला, बँकेत दिलेला नंबर त्यात टाकला आणि यूपीआय तिकडे हलवलं. पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांच्या वर पैसे जाईनात, आणि सोमवारी नेमका भिशीचा दिवस. आईने तिच्या डब्यातून रोख काढून दिले, काही न बोलता. ते न बोलणं जास्त लागलं. लोकलचा पासही तेव्हापासून मी खिडकीवर रांग लावून छापील घेते. फोनातला पास आणि पुसायचा फोन ही जोडी मला नको.

पहिला अंक असा संपला. भिशीचा हिशोब दोन संध्याकाळी बसून स्क्रीनशॉट बघत पुन्हा टाइप केला. त्याच ॲपमध्ये, कारण सवय.

आता फोन अनलॉक झालेला, मॅजिस्क या साधनाने रूट केलेला, म्हणून निओ बॅकअप हे ॲप टाकलं. मुक्तस्रोत आहे, एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत ॲप्सच्या दुकानात मिळतं, जाहिराती नाहीत. ज्यांना जुनं टायटॅनियम बॅकअप आठवतं त्यांना त्याची पद्धत ओळखीची वाटेल. टायटॅनियमला कित्येक वर्षांत अपडेट नाही, त्यामुळे नव्या अँड्रॉइडवर त्याच्या वाटेला जाऊ नका. निओमध्ये प्रत्येक ॲपसाठी एपीके (ॲपची मूळ फाईल), डेटा, बाहेरचा डेटा, मीडिया असं वेगवेगळं निवडता येतं. ठरावीक वेळेला आपोआप बॅकअप लावता येतो, किती जुन्या प्रती ठेवायच्या ते सांगता येतं, पासवर्ड लावून एन्क्रिप्टही करता येतं. मी रात्री दोनला लावून ठेवलं, फोन चार्जिंगला असतो तेव्हा. सकाळी सूचना बघायची, झालं. दिसायला थोडं क्लिष्ट आहे. खुणांचे अर्थ लागायला मला आठवडा गेला.

त्याची परीक्षा दिवाळीच्या आधी झाली, तीही माझ्याच मूर्खपणाने. जुलैत मी उत्साहाच्या भरात गुगलची ॲप्स न घालता लिनेजओएस बसवलं होतं. तीन महिन्यांत कळलं की प्ले सर्व्हिसेसशिवाय निम्म्या ॲप्सच्या सूचना वेळेवर येत नाहीत. ऑफिसमधून 'अगं, मेसेज बघितला नाहीस का' असं ऐकून कंटाळले. पण गुगलचं पॅकेज रॉम पहिल्यांदा चालू व्हायच्या आधीच घालावं लागतं, मागाहून नाही. म्हणजे पुन्हा सगळं पुसा. हे इन्स्टॉलच्या पानावर ठळक लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं.

या खेपेला पुसण्याआधी दोन गोष्टी केल्या. एक, भिशीचं ॲप मुद्दाम अनइन्स्टॉल करून निओमधून परत आणून बघितलं. विहिरीत उतरण्याआधी दोर ओढून बघायचा तसं. आलं, चार वर्षांसकट. दुसरं, बॅकअपचं फोल्डर लॅपटॉपवर घेतल्यावर दोन्हीकडची साइझ ताडून बघितली. फोनात ११.४ जीबी, लॅपटॉपवर १०.९. कॉपी चालू असताना लॅपटॉप झोपी गेला होता आणि साध्या केबल-कॉपीने काही म्हणून तक्रार केली नव्हती. परत एडीबीने खेचलं, फायली मोजल्या, मगच फॉरमॅट केलं. अकाउंट्सवाल्याला टॅली झाल्याशिवाय झोप येत नाही, त्याचा इथे उपयोग झाला. बॅकअप फोनातच ठेवून फॉरमॅटचं बटण दाबणारे लोक मी बघितलेत, त्यांच्यावर हसत नाही. लिनेजच्या रिकव्हरीत (रॉम घालायला आणि फोन पुसायला वापरतात तो वेगळा मेनू) अख्ख्या फोनचा बॅकअप घ्यायची सोय नाही. टीडब्ल्यूआरपी या दुसऱ्या रिकव्हरीत आहे, पण तीही फोटो-गाण्यांची अंतर्गत जागा त्यात धरत नाही.

नव्या रॉमवर आधी रूट, मग निओ, मग रिस्टोअर. ५८ ॲप्स, साधारण पंचवीस मिनिटं. कीबोर्डने शिकलेले मराठी शब्द परत आले, पॉडकास्ट जिथे थांबलं होतं तिथून सुरू झालं, नोट्स जशाच्या तशा. इतकं बरं वाटलं की दोन कप चहा झाला. चार ॲप्स रुसली. सिग्नल त्यातलं एक, उघडताच बंद पडायचं. कारण साधं आहे. काही ॲप्स आपला डेटा ज्या किल्लीने कुलूपबंद करतात ती किल्ली फोनच्या चिपच्या आश्रयाला असते आणि फोन पुसला की ती नष्ट होते. तुम्ही तिजोरी उचलून नव्या घरी आणलीत, पण किल्ली जुन्या घराबरोबर पडली. अशा ॲप्सना त्यांचा स्वतःचा बॅकअप हाच उपाय. काही ॲप्सनी लॉगिन पुन्हा मागितलं, कारण अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपला मिळणारा फोनचा ओळख-आकडा फॅक्टरी रिसेटनंतर बदलतो. त्यात चूक कोणाची नाही.

सिस्टीम ॲप्सचा डेटा मात्र एका रॉमवरून दुसऱ्यावर आणू नका. वाय-फाय, ब्लूटूथ वगैरेंचे 'विशेष' बॅकअप निओ घेतं, पण आवृत्ती बदलली की त्यातून फोन बिघडू शकतो. सेटिंग्जसाठी मी सीडव्हॉल्ट हे बॅकअपचं ॲप वापरलं, ते लिनेजओएसमध्येच असतं. लॅमिंग्टन रोडवरून ओटीजी, म्हणजे फोनला थेट जोडता येणारा पेन ड्राइव्ह आणला, त्यावर जातं सगळं : सेटिंग्ज, कॉलची यादी, स्थानिक संपर्क आणि ज्या ॲप्सची ना नाही त्यांचा डेटा. रूट लागत नाही, ही मोठी गोष्ट. गुगल घातल्यावर बॅकअप नक्की कोण घेतंय, गुगल की सीडव्हॉल्ट, ते सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघा. भिशीच्या ॲपला सीडव्हॉल्टही हात लावू शकलं नाही, त्यालाही तीच परवानगी आडवी आली.

सीडव्हॉल्ट सुरुवातीला बारा शब्द देतं. तीच किल्ली. मी ते जुलैत कालनिर्णयच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिले होते, भिंतीवरून कुठे जाणार म्हणून. ऑक्टोबरात तिथूनच बघून टाइप केले आणि स्वतःची पाठ थोपटली. जानेवारीत नवं कालनिर्णय लागलं आणि जुनं रद्दीवाल्याकडे गेलं. नवे बारा शब्द तयार करता येतात, पण पेन ड्राइव्हवरचे जुने बॅकअप त्याने उघडत नाहीत. आता नवे शब्द बँकेच्या पासबुकात आहेत.

अजून एक, जे मी रूट असताना करून ठेवलं : आयएमईआय (नेटवर्कसाठीचा फोनचा क्रमांक) आणि नेटवर्कची माहिती ज्यात असते ती छोटी पार्टिशन्स, म्हणजे फोनच्या साठवणीतले वेगळे कप्पे, कॉपी करून दोन ठिकाणी ठेवली. काही एमबीचा मामला आहे, पण ती बिघडली तर फोनला नेटवर्कच दिसत नाही आणि दुसऱ्या कोणाच्या फोनातून ती आणता येत नाहीत.

कोणाला काय सुचवेन? पहिल्यांदाच अनलॉक करणार असाल तर निओ वगैरे नंतर बघा, आधी एकेक ॲप उघडून त्यात एक्सपोर्ट आहे का ते शोधा. नसेल तर ते ॲप बदला, फोन नंतर. रूट ठेवायचं नसेल तर सीडव्हॉल्टवर भागवा. मी दोन्ही ठेवलीत आणि खिशात दोन फोन, ज्याचा सकाळच्या लोकलमध्ये वैताग येतो.

राहता राहिली भिशी. दिवाळीच्या हप्त्याला बायका जमल्या, मी ऐटीत फोन काढून बेरीज वाचली. आई वही घेऊन बसली होती.

"दोन हजार कमी आहेत."

"फोनात बरोबर आहे गं, मी परवाच रिस्टोअर करून तपासलंय."

तिने मार्चचं पान काढून माझ्यासमोर धरलं. मावशीचा हप्ता. जुलैत पुन्हा टाइप करताना मी ती ओळच गाळली होती. त्यानंतर रोज रात्री दोन वाजता निओने तो हिशोब न चुकता, पासवर्ड लावून, जसाच्या तसा जपला होता.