५० की ८५? सिनियर पोर्ट्रेटसाठी पहिली लेन्स घेताना

अमेरिकेत मूल बारावीत गेलं की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घरोघरी सिनियर पोर्ट्रेटची, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या फोटोंची, लगबग सुरू होते. इयरबुकसाठी, म्हणजे शाळेच्या वार्षिक अंकासाठी, शाळेचा फोटोग्राफर काढतो तो फोटो वेगळा. मी बोलतोय ते बाहेर, झाडापानांत काढलेल्या फोटोंबद्दल. जूनमधल्या ग्रॅज्युएशनच्या निमंत्रणावर छापले जाणारे, आजी-आजोबांना आवर्जून पाठवले जाणारे. लेकीचे हे फोटो मी स्वतः काढायचं ठरवलं, शिकत शिकत काढले, आणि मग तिच्या चार मैत्रिणींचेही काढले. आता ओळखीतले पालक विचारतात: कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स सोडून पहिली कोणती घ्यावी, ५० की ८५? (हे लेन्सच्या फोकल लेंग्थचे मिलिमीटर; आकडा मोठा तितकं दृश्य जवळ ओढलेलं.)

माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही एफ १.८ (लेन्सचं तोंड किती उघडतं त्याचा आकडा; आकडा लहान तितकं तोंड मोठं). कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे आतला प्रकाश टिपणारा भाग फुल फ्रेम कॅमेऱ्यापेक्षा लहान), २४ मेगापिक्सेलचा. पुढचं सगळं त्याच हिशेबाने वाचा. फुल फ्रेम असेल तर उत्तर बदलतं, त्यावर शेवटी येतो.

मी आधी ८५ घेतली, कारण पोर्ट्रेट म्हटलं की सगळे तेच सांगतात. त्यांचं चुकत नाही. न्यू जर्सीत ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मेपल पेटल्यासारखे लाल होतात आणि ८५ त्या लालीचा नुसता रंग करून टाकते. मागे उभ्या गाड्या, पाट्या, कचऱ्याचे डबे असे विरघळतात की होते हेच विसरायला होतं. ५० मध्ये तेवढीच मुलगी बसवली तरी मागचं जास्त दिसतं, आणि दर वेळी जागा निवडून उभं राहावं लागतं. पार्श्वभूमीच्या बाबतीत ८५ सरस आहे, यात वाद नाही.

एक गैरसमज मात्र मलाही होता: ८५ वर फोकस चुकण्याची भीती जास्त. चेहरा चौकटीत तेवढाच मोठा घेतला आणि ॲपर्चर, म्हणजे तो एफचा आकडा, तेच ठेवलं, तर पुढेमागे जेवढा पट्टा नेमका, स्वच्छ दिसतो तो दोन्ही लेन्समध्ये जवळजवळ सारखाच असतो. डोकं-खांद्याच्या फोटोत एफ १.८ ला तो जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरतो. मान किंचित वळली तरी एक डोळा स्वच्छ आणि दुसरा मऊ. एफचा आकडा वाढवला की हा पट्टा रुंदावतो, म्हणून नवशिक्याने दोन्हींवर एफ २.८ पासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय केला ती. अंतर. क्रॉप सेन्सरवर पूर्ण उंचीचा फोटो घ्यायला ५० ला साधारण १५ फूट मागे जावं लागतं, ८५ ला २५. जागेचा प्रश्न नव्हता. आम्ही न्यू जर्सीतल्या ग्रिग्सटाउनजवळ डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठी गेलो होतो. १८३४ साली सुरू झालेला हा कालवा. कोळशाच्या नावा ओढणाऱ्या खेचरांसाठी काठाने वाट केलेली, आज तिच्यावर लोक धावतात, सायकली चालवतात. अरुंद आणि लांबच लांब. मागे सरकायला हवी तेवढी जागा, पण त्या २५ फुटांतून दर दोन मिनिटांनी कोणीतरी जाणार. लेक पैठणी नेसून उभी. सायकल येते, आम्ही थांबतो, सायकल जाते, तोवर चेहऱ्यावर आलेलं हसू ताठरून गेलेलं असतं.

त्याहून वाईट म्हणजे मला ओरडावं लागत होतं. ‘हनुवटी खाली!’ ‘खांदे सैल सोड!’ ‘पदर!’ सतरा वर्षांच्या मुलीला चारचौघांत बापाने असं ओरडून सांगणं किती जड जातं, ते मला कॅमेऱ्यातून दिसत होतं. शेवटी तीच जवळ आली आणि म्हणाली, ‘बाबा, हळू बोल ना, सगळे बघतायत.’ त्या संध्याकाळचे फोटो तांत्रिकदृष्ट्या चांगले आहेत. रंग सुंदर, डोळे स्वच्छ. पण त्यातली मुलगी कोणीतरी बघतंय म्हणून उभी आहे.

दोन आठवड्यांनी ५० घेऊन तिथेच गेलो. घड्याळं मागे गेली होती, पाचच्या आतच सूर्य बुडत होता, बरीचशी पानं गळून गेलेली. पार्श्वभूमी म्हणावी तर गरीबच. पण कमरेपर्यंतच्या फोटोला मी सात फुटांवर होतो, म्हणजे जेवणाच्या टेबलापलीकडे बसल्यासारखा. नेहमीच्या आवाजात बोलता येत होतं. सूचना कमी झाल्या, गप्पा वाढल्या. आजी तिला फोनवर काय म्हणाली ते सांगता सांगता ती हसली, आणि तो फोटो आज सांगलीत आईच्या देवघराबाहेरच्या भिंतीवर आहे. हे काही मोजमाप नव्हे, ठाऊक आहे. पण पुढे तिच्या मैत्रिणींच्या वेळीही हाच अनुभव आला. अनोळखी काकांसमोर उभ्या राहिलेल्या मुलींना तर हळू बोलणाऱ्या माणसाची आणखीच गरज असते.

५० चा खरा दोष चेहऱ्याच्या फोटोत दिसतो. चौकट भरायला साडेतीन फुटांवर जावं लागतं. तिथून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, शिवाय समोरचं माणूस आक्रसतं. हा दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. म्हणून मी सहा फुटांवरच थांबतो आणि नंतर फोटो कापतो. ८५ ची चौकट मिळेपर्यंत कापला तरी २४ पैकी सुमारे ८ मेगापिक्सेल उरतात, आणि ८ बाय १० इंची छपाईला तेवढे पुरतात. पार्श्वभूमीचा मऊपणा मात्र कापून येत नाही, तेवढं सोडून द्यावं लागतं.

किमतीतही ८५ दुपटीहून महाग पडते. तुमचा कॅमेरा फुल फ्रेम असेल, तर ८५ ने पूर्ण उंची १६-१७ फुटांवरून बसते, आणि माझी सगळी तक्रार जवळजवळ संपते. मग ती खुशाल घ्या. किंवा मूल मुळातच बोलकं, कॅमेऱ्यासमोर खुलणारं असेल, तरीही ८५ आवडेल. क्रॉप कॅमेरा आणि लाजरं मूल असेल, तर माझ्या मते आधी ५०.

८५ मी विकलेली नाही. शेवटच्या दहा मिनिटांत, ऊन अगदी कललेलं असताना आणि मूल एव्हाना रुळलेलं असताना, ती पिशवीतून बाहेर काढतो. तोवर मला ओरडून काही सांगायचं उरलेलं नसतं.