दोनशे लिटरचे निळे टिपाड : शहर सोडल्यानंतरचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगर सोडून दुसरीकडे स्थायिक झालेल्या माणसाला त्या शहरातले काय आठवते असे विचारले, तर गुलमंडीवरची गर्दी, नान-खलिया आणि हिमायतबागेतली संध्याकाळ यांची नावे लगेच निघतात. नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नसे म्हणून ते साठवायला लागणाऱ्या निळ्या टिपाडाची, म्हणजे प्लास्टिकच्या पिंपाची, आठवण मात्र कोणी काढत नाही. वास्तविक आमच्या भागात नवे बिऱ्हाड थाटताना फ्रिजच्या आधी घरात येणारी वस्तू तीच होती. आता मी नाशिकला राहतो आणि घरात एकही टिपाड नाही, त्यामुळे या वस्तूविषयी राग न धरता लिहिणे शक्य झाले आहे.

वस्तू म्हणून पाहिले, तर टिपाडात खोट काढणे कठीण आहे. जाड आणि घट्ट प्लास्टिकचे, सुमारे तीन फूट उंचीचे हे पिंप रिकामे असताना एकटा माणूस सहज उचलतो. ते गंजत नाही, आपटले तरी फुटत नाही, आणि गडद निळ्या रंगामुळे आत उजेड कमी शिरत असल्याने पारदर्शक भांड्याच्या मानाने शेवाळही उशिरा धरते. वर्षानुवर्षे उन्हात राहिलेली टिपाडे मात्र कडक होऊन काठाशी तडकतात, म्हणून गच्चीपेक्षा सावलीतली जागा बरी. वापरलेले टिपाड साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळते, आणि त्या किमतीत दोनशे लिटर पाणी साठवणारी दुसरी टिकाऊ वस्तू बाजारात मला तरी दिसलेली नाही.

टिपाडे दोन प्रकारची असतात. बंद तोंडाच्या टिपाडाला वर फक्त दोन बुचे असतात. भंगारवाले त्याचा माथा करवतीने कापून देतात, पण त्या कापलेल्या काठावर झाकण नीट बसत नाही आणि काठ हाताला लागतो तो वेगळाच. उघड्या तोंडाच्या टिपाडाला घट्ट झाकण आणि ते आवळणारी लोखंडी कडी येते. हा प्रकार थोडा महाग असला तरी घ्यावा तोच. तळाशी तोटी बसवून घेण्याची पद्धत सोयीची आहे खरी, पण तोटीचे भोक तळापासून चार बोटे वर पाडावे लागते, त्यामुळे शेवटचे पाणी कधीच तोटीतून येत नाही आणि सगळा गाळ त्याच पाण्यात साचून राहतो.

सर्वांत गंभीर आक्षेप टिपाडाच्या पूर्वेतिहासाचा आहे. बाजारातली बहुतेक टिपाडे नवी नसतात. त्यांतून आधी रसायने, तेले, रंगाचे द्रव किंवा खाद्यपदार्थांचे अर्क आलेले असतात. काही द्रव या प्लास्टिकच्या भिंतीत थोडेफार मुरतात आणि साबणाने कितीही घासले तरी निघत नाहीत. दुकानदार सगळीच टिपाडे ‘ज्यूसची’ म्हणून विकतो. विकत घेण्यापूर्वी झाकण लावून ते तासभर उन्हात ठेवावे आणि मग उघडून वास घ्यावा. वास आला तर ते सोडून द्यावे. वास आला नाही, तरी पिण्याचे पाणी त्यात भरू नये.

डासांच्या बाबतीत तर टिपाड आणि ते वापरणारे शहर यांच्यात एक विचित्र पेच आहे. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी घराजवळच्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालते आणि उबदार हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळावा, असे आरोग्य विभाग सांगतो, आणि ते शास्त्राला धरूनच आहे. पण नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या घराने सातव्या दिवशी टिपाड ओतून द्यावे कसे? शिवाय ही अंडी पाण्याच्या पातळीच्या वर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणजे टिपाड नुसते रिकामे करून भागत नाही, आतली भिंत कुंच्याने घासावी लागते. अबेट, म्हणजे डासांच्या अळ्या मारणारे औषध, टाकायला येणारे कर्मचारी घरोघरी टिपाडात डोकावून जात, तेवढ्यापुरता दिलासा वाटे. पण भिंत घासण्यासाठी कमरेत वाकून अर्धे अंग टिपाडात घालण्याची जी कसरत घरातल्या बायकांच्या वाट्याला येते, तिचा उल्लेख कोणताही विक्रेता करत नाही.

जागेचा आणि वजनाचा हिशेबही करून पाहावा. भरलेले टिपाड दोनशे किलोंच्या वर जाते आणि ते जेमतेम पाव चौरस मीटर जागेवर उभे असते, म्हणजे त्याच्या बुडाखाली दर चौरस मीटरला सुमारे ८०० किलोंचा भार येतो. घराच्या गॅलरीसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो आहे. संपूर्ण गॅलरीवर वाटला गेल्यास एका टिपाडाने काही बिघडत नाही, पण बाहेर काढलेल्या जुन्या गॅलरीत रांगेने टिपाडे मांडण्यापूर्वी बांधकामाच्या जाणकाराला विचारलेले बरे. आणि एवढे करूनही ती पुरत नाहीत. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण मानले जाते. चार माणसांच्या घराला आठ दिवसांसाठी त्या हिशेबाने एकवीसहून अधिक टिपाडे लागतील. एवढी कोणाकडेच नसतात, म्हणून टिपाडावर जगणारे घर मुळातच कमी पाण्यात जगत असते, आणि पाहुणे मुक्कामाला येणार म्हटले की आधी टिपाडाकडे पाहते.

हे सगळे दुष्काळामुळे घडते असा बाहेरच्यांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठणला गोदावरीवर जायकवाडीचे धरण आहे, त्याची एकूण क्षमता १०२ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास आहे, आणि ते काठोकाठ भरलेले असतानाही घरातले नळ कोरडेच असत, कारण वाढलेल्या शहराला पुरेल इतके पाणी वाहून आणण्याची ताकद जुन्या जलवाहिन्यांत नव्हती. जुन्या वाहिनीच्या जोडीला नवी जलवाहिनी टाकण्याच्या योजनेचे नाव असलेला ‘समांतर’ हा शब्द तिथल्या माणसाने किती निवडणुकांत ऐकला असेल ते विचारू नये. २५०० मिलिमीटर व्यासाच्या मोठ्या वाहिनीच्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. मलिक अंबरने १७व्या शतकाच्या आरंभी याच गावात भूमिगत नहरींनी पाणी खेळवले होते, हे आठवले की टिपाडाकडे पाहून हसावे की रडावे ते कळत नाही. नाशिकच्या माझ्या नळाला गंगापूर धरणाचे, म्हणजे त्याच गोदावरीचे पाणी येते, आणि ते रोज येते. पाण्याच्या दिवशी कामाला दांडी मारून नळापाशी बसणे, आधी पिण्याच्या पाण्याचे हंडे, मग टिपाडे, मग बादल्या असा क्रम सांभाळणे, आणि मध्येच पाण्याचा जोर गेला की शेजारच्याने मोटार लावली असेल या संशयाने त्याच्या दाराकडे पाहणे, यांतले काहीही मला परत नको आहे.

ज्यांची यातून सुटका नाही, त्यांनी जागा असल्यास सुट्या टिपाडांऐवजी भारतीय मानक १२७०१ची खूण असलेली एकच मोठी टाकी घ्यावी. घासायला एकच भिंत राहते आणि तिचा पूर्वेतिहासही तपासावा लागत नाही. भाड्याच्या घरात टाकी बसवता येत नसेल, तर उघड्या तोंडाचे, कडी आणि झाकणातले रबर शाबूत असलेले टिपाड घ्यावे, ते विटांवर उभे करावे म्हणजे तोटीखाली बादली मावते, आणि खरेदी जानेवारीतच उरकावी, कारण मार्च लागल्यावर दुकानदार सांगेल तोच भाव असतो.