घरून माप देऊन ब्लाउज शिवून घेतले: शिलाई मस्त, मापाचा फॉर्म मात्र काठावर पास

शिलाईचं आधी सांगून टाकते कारण तिथे तक्रारीला जागाच नाहीये. हुकपट्टी सरळ, गळ्याची पायपिन कुठे जाड कुठे बारीक असं काही नाही, आतून सगळं इंटरलॉक केलेलं, अस्तर आणि वरचं कापड एकमेकांना धरून बसलेलं, आणि महत्त्वाचं म्हणजे बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे इंच-इंच मार्जिन सोडलंय, उद्या अंग भरलं तर उसवून मोठा करता येईल. हल्ली गल्लीतले टेलर एवढं कापड आत ठेवायला कुरकुर करतात. तर शिलाईला ५ पैकी ५.

पण घरून माप द्यायचं म्हटल्यावर सगळा खेळ तुम्ही काय आकडे पाठवता त्यावर असतो ना, आणि ते आकडे कसे काढायचे हे सांगण्यात ही मंडळी कमी पडतात. म्हणून हा रिव्ह्यू शिलाईपेक्षा मापाबद्दलच जास्त होणारे. सर्व्हिसचं नाव लिहीत नाहीये, अशा बऱ्याच सर्व्हिस आता निघाल्यात आणि पद्धत सगळ्यांची थोड्याफार फरकाने सारखीच. कुरियरवाला घरून ब्लाउजपीस घेऊन जातो, मोबाईलवर फॉर्मची लिंक येते, दोन-तीन आठवड्यांत शिवलेला ब्लाउज दारात.

फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न, मापाचा ब्लाउज पाठवणार की स्वतःची मापं भरणार? आपल्याकडे नव्वद टक्के बायका मापाचाच ब्लाउज देतात, मी पण वर्षानुवर्षं तेच केलंय, काउंटरवर पिशवीतून काढायचा आणि म्हणायचं की असाच शिवा पण मुंढ्यात (काखेभोवती बाही जोडतात त्या गोलात) जरा घट्ट होतो, गळा एक बोट खाली घ्या आणि बाही थोडी लांब करा. म्हणजे असा नाहीच! समोरचा टेलर ओळखीचा असला की हे चालून जातं, तो बघतो, अंदाज घेतो. कुरियरने गेलेल्या ब्लाउजसोबत ही बडबड जात नाही. शिवाय मापाचा ब्लाउज बहुतेक वेळा दोनदा उसवलेला, धुऊन धुऊन सैल पडलेला असतो, त्यातले सगळे दोष नव्यात जसेच्या तसे उतरतात. आणि कटोरीच्या (छातीला वाटीसारखा वेगळा तुकडा जोडलेल्या) ब्लाउजवरून प्रिन्सेस कट (वरून खालपर्यंत उभी शिवण असलेला) शिवायला सांगितला तर कारागीर छातीचा भाग अंदाजानेच कापणार. म्हणून मी स्वतःची मापं हा पर्याय घेतला आणि तुम्हालाही तोच सांगेन, फक्त पुढचं नीट वाचून घ्या.

पीस न्यायला आले तेव्हा त्यांनी एक टेप फुकट दिली. पातळ प्लॅस्टिकची, ओढली की ताणते. अशी टेप पोरांना खेळायला द्या. फायबरग्लासची टेप कुठल्याही शिलाई सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळते, ती ताणत नाही. घरात जुनी टेप असेल तर शाळेतल्या स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून बघा ३० सेंटीमीटर बरोबर जुळतायत का, आणि टोकाला जो पत्रा असतो त्याच्या कडेपासून शून्य सुरू होतं की पत्र्याच्या नंतर तेही बघा. मापं इंचातच द्या, आपले सगळे कारागीर इंच आणि सूतच बोलतात, इंचाचे ८ सूत. नवऱ्याला टेप धरायला लावली तर तो दर वेळी "साधारण चौदा" म्हणणार. साधारण काय साधारण! शेवटी आमच्याकडे हे काम लेकीने केलं, ती निदान सव्वा, साडे, पाऊण तरी सांगते.

आता फॉर्ममधली सगळ्यात मोठी गडबड. छाती असा रकाना आहे आणि पुढे नुसती चौकट. अंगाचं माप लिहायचं की तयार ब्लाउजचं? काहीच लिहिलेलं नाही. अंगावर छाती ३६ भरली आणि कारागिराने तो तयार ब्लाउज समजून कापला तर श्वास घेतल्यावर हुक तुटतील. उलट तुम्ही आधीच इंच-दीड इंच वाढवून लिहिलंत आणि त्यांनी पुन्हा वरून वाढवलं तर ब्लाउज पोत्यासारखा. चॅटवर विचारलं तर दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "मॅडम बॉडी मेजरमेंट द्या, लूजिंग आम्ही देतो." अहो मग हे एक वाक्य फॉर्मच्या वरतीच मोठ्या अक्षरात लिहा ना! ब्लाउजला लूजिंग, म्हणजे अंगाच्या मापावर सैलपणासाठी वाढवतात ते, साधारण इंच-दीड इंच धरतात, कुर्त्याला तीन-चार इंच, आणि कापड ताणणारं आहे की नाही त्यावरही ते बदलतं, त्यामुळे हे काम कारागिरावर सोडलेलंच बरं, फक्त सोडलंय हे आपल्याला कळायला पाहिजे.

त्यात त्यांचा व्हिडिओ अजून गोंधळ घालतो. व्हिडिओतली मुलगी सैल कुर्त्यावरून माप घेतेय आणि टेपच्या आत दोन बोटं घालून दाखवतेय. दोन बोटं ही टेलरची जुनी सवय, पण ती बोटं म्हणजेच लूजिंग असतं. तुम्ही बोटं घालून लिहिणार आणि तिकडे ते परत लूजिंग देणार, म्हणजे दुप्पट. टेप अंगाला टेकलेली पाहिजे, रुतलेली नको, आत बोट नको.

आणि आतून काय घातलंय यावर छातीचं माप बदलतं हे व्हिडिओत कुठेच नाही, बहुतेक बोलायची लाज. मी बोलते. ब्लाउजखाली जी ब्रा घालणार तीच घालून माप घ्या. पॅडेड आणि साधी यात घेर तर बदलतोच पण टक्स पॉइंट पण वरखाली होतो, म्हणजे खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं अंतर. हा पॉइंट चुकला की टक्स, म्हणजे छातीला आकार द्यायला शिवलेल्या चुण्या, भलतीकडे उभे राहतात आणि ते मग कुठल्याही अल्टरने झाकत नाहीत. इथे फॉर्मला मार्क द्यायलाच हवेत, टक्स पॉइंट आणि दोन टोकांमधलं अंतर दोन्ही वेगवेगळं विचारलंय, बऱ्याच टेलरबायका हे घेतच नाहीत. छाती मोजताना टेप पाठीमागे खाली घसरते, समोरून अजिबात कळत नाही, म्हणून आरशाला आडव्या उभ्या राहा आणि टेप जमिनीला समांतर आहे का बघा. श्वास नेहमीसारखा. पोट आत ओढून, छाती फुगवून दिलेलं माप हे फोटोपुरतं.

छातीखालचा घेर सोपा आहे, तो पटकन होतो. पण त्यापुढे कंबर असा रकाना आहे तिथे थांबा. ब्लाउजच्या फॉर्ममधली कंबर म्हणजे ब्लाउज जिथे संपतो ती जागा, ती खऱ्या कमरेच्या बरीच वर असते. कुर्त्याला कंबर घेतात ती बाजूला वाकल्यावर जिथे घडी पडते तिथे, आणि साडी नेसतो ते तर अजून खाली, बेंबीच्या आसपास. तिन्हींत माझ्याच अंगावर भरपूर फरक येतो. म्हणून आधी उंची ठरवा, खांद्यापासून छातीवरून खाली जिथे ब्लाउज संपायला हवा तिथपर्यंत, तिथे एक नाडी बांधा आणि त्या नाडीवर घेर मोजा. एकदा उभं राहून, एकदा बसून, आणि मोठा आकडा लिहा कारण लग्नात आपण बसलेल्याच जास्त असतो. जेवून उठल्यावर किंवा पाळीच्या आधी अंग सुजल्यासारखं वाटतं तेव्हा मोजू नका, एवढंच.

शोल्डरला माणूस लागतोच, एकटीने होत नाही. हात आडवा वर केला की खांद्याच्या हाडाशी छोटासा खड्डा पडतो, तिथे पेनाची खूण करा, दोन्हीकडच्या खुणांमधलं अंतर पाठीवरून घ्या. फॉर्ममध्ये शोल्डरचं चित्र समोरून काढलंय! पुढून आणि पाठीवरून घेतलेल्या मापात फरक पडतो, मी रिमार्कमध्ये "पाठीवरून" असं लिहून दिलं.

मुंढ्यावर मात्र माझं आणि त्यांचं वाजलं. सगळ्यांना वाटतं मुंढा सैल असला की हात मोकळा राहतो, आणि हे कारागीर पण तेच समजून खाली उतरवून कापतात. होतं नेमकं उलट. मुंढा काखेपासून जितका खाली जाईल तितका हात वर केल्यावर अख्खा ब्लाउज वर ओढला जातो, कारण बाही बाजूच्या शिवणीला खालून धरून असते. बसमध्ये दांडी पकडली की खालून ब्लाउज वर आणि साडीचा पदर सावरायची कसरत. पहिल्या ब्लाउजला हेच झालं, छाती बरोबर, उंची बरोबर, मुंढा खोल. अल्टरला परत पाठवला, त्यांनी न कटकट करता घेतला हे खरं, पण कापलेलं कापड परत येत नाही, खांद्यातून वर उचलला तेव्हा गळाही वर चढला. पुढच्या ऑर्डरला मी लिहून दिलं की मुंढा काखेला धरून ठेवा, खाली उतरवू नका, आणि तो ब्लाउज असा बसलाय की हात वर केल्यावर खालची पट्टी जागची हलत नाही. मुंढ्याचं माप घेताना हात खाली सोडलेला हवा, टेप काखेतून खांद्याच्या हाडावर, हात वर ठेवून घेतलं की आकडा भलताच येतो.

गळ्याचं चित्र त्यातल्या त्यात चांगलं आहे, खांद्याच्या शिवणीपासून सरळ खाली बाण दाखवलाय. फक्त तुम्ही मागचा गळा ९ लिहिलात आणि उंची १४ असेल तर पाठीवर ५ इंचाची पट्टी उरणार हा हिशोब स्वतः करा, तिकडे कोणी फोन करून विचारणार नाहीये. पुढचा मागचा दोन्ही खोल घेतले तर खांदे उतरतात, वरती नाडी लावायला सांगा.

बाहीला दंडघेर जिथे बाही संपते तिथलाच घ्या. कोपरापर्यंतची बाही असेल तर हात वाकवून मोजा, सरळ हातावर घेतलेल्या मापाची बाही जेवताना रुतते.

फोटोवरून माप अशी पण सोय आहे त्यांच्याकडे, घट्ट कपड्यात समोरून आणि बाजूने फोटो काढून पाठवायचे. ते मी केलं नाही. आपले असे फोटो कुणाच्या कुठल्या कंप्युटरवर पडून राहणार याची काहीच माहिती दिलेली नाही, आणि ब्लाउजला सुताचा फरक चालत नाही तिथे फोटोवर भरवसा ठेवायची माझी तयारी नाही. स्कॅनिंग म्हणजे वाईट असं नाही हं, निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयासोबत इंडियासाइज नावाचा प्रकल्प हाती घेतला त्यात मुंबईसह देशातल्या सहा ठिकाणी थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायचं ठरलं, २५ हजारांवर लोकांची, म्हणजे परदेशी चार्टवरून कपडे कापायचं थांबून आपल्या अंगाचा चार्ट तयार व्हावा असा हेतू. पण तो मोठा स्कॅनर वेगळा आणि बेडरूमच्या ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो वेगळा.

अस्तराचं विचारून घ्या. सुती अस्तर न भिजवता लावलं की पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड चुण्या पडून फुगतं, मग तुम्ही माप कितीही काटेकोर द्या. हे लोक भिजवून लावतो म्हणतात आणि माझे धुतल्यावर तसेच राहिलेत. सुती ब्लाउजपीस आणि खण मी घरीच भिजवून वाळवून, इस्त्री करून पाठवते. खणाचा पन्ना अरुंद असतो, लांब बाही हवी असेल तर आधी कळवा नाहीतर जोड येतो.

पैशाचं म्हणाल तर आमच्या कोपऱ्यावरच्या टेलरच्या दीडपट पडतं, कुरियर धरून. ज्यांना चांगला टेलर चालत जाण्याच्या अंतरावर आहे त्यांनी इकडे वळायचं कारण नाही. बेंगळुरू, हैदराबादला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींना तिकडे कटोरी ब्लाउज मनासारखा शिवून मिळत नाही, त्यांना मी बिनधास्त सांगते, पण पहिल्यांदा साध्या कॉटनचा एकच टाका, तो घालून हात वर करून, खाली बसून बघा, काय बदलायचं ते रिमार्कमध्ये लिहा आणि मग बाकीचे पाठवा. एकदा बसलेली मापं ते सेव्ह करून ठेवतात, दर वेळी फॉर्म भरावा लागत नाही, मात्र वजन वरखाली झालं तर छाती, छातीखालचा घेर आणि दंड एवढी तीन परत मोजा, शोल्डरला सहसा हात लावावा लागत नाही.

पैठणीचा पीस मी त्यांना देणार नाही. त्यात जादा कापड नसतं आणि मुंढा एकदा खोल कापला की संपलं.