८० टक्क्यांची भीती घालून माझ्या मामाला लुबाडलं

घरातलं कुणी दिव्यांग पेन्शनचा अर्ज भरायला निघालं असेल, तर त्याआधी हे वाचा.

माझ्या मामाचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. ५२ टक्के दिव्यांगत्वाचं जुनं कागदी प्रमाणपत्र त्याच्याकडे होतं. तहसीलबाहेर झेरॉक्सच्या दुकानाशी त्याला एक एजंट भेटला. गळ्यात कसलंसं ओळखपत्र, काखेत फायलींचा गठ्ठा. कागद बघून म्हणाला, "काका, ५२ वर काही होत नाही, पेन्शनला ८० लागतात. आणि हा कागद आता चालत नाही, यूडीआयडी कार्ड लागतं. मी काढून देतो. डॉक्टरांपुढे जायचीही गरज नाही, सगळं आतून होतं."

खऱ्यात खोटं बेमालूम मिसळलेलं होतं, म्हणून मामाला ते पटलं. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, खरंच लागतं. ८० टक्क्यांची अटही खरी आहे, पण ती केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेची. त्यासाठी दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नावही असावं लागतं. राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेला ४० टक्के पुरतात. दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत, वय ६५ च्या आत आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य, एवढं असलं की झालं. मामा या सगळ्यात आधीपासूनच बसत होता. जे हक्काने मिळणार होतं, त्याचेच ६,००० रुपये त्या माणसाने उकळले. निम्मे रोख, निम्मे फोनपेवर. त्यासाठी मामीने शेळी विकली.

कार्ड आलं, छान लॅमिनेट केलेलं. निळी पट्टी, मामाचा फोटो, ८५ टक्के. आणि दिव्यांगत्वाचा प्रकार? कर्णबधिर. मामाला पलीकडच्या वावरातली हाक ऐकू येते! त्याला इंग्रजी वाचता येत नाही, त्यामुळे कळलंच नाही. तहसीलच्या टेबलावर क्लार्कने कार्डावरचा नंबर ऑनलाइन टाकला, तर अशी नोंदच नव्हती. भला माणूस होता. मामाला बाजूला बसवलं आणि म्हणाला, "हे कुणी दिलं ते सांगा. असा कागद जोडला की गुन्हा तुमच्यावर येतो."

ते खरं आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ९१ मध्ये खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला किंवा तसा प्रयत्न करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. एजंट पैसे घेऊन मोकळा होतो आणि अडकतो तो पाय ओढत आलेला माणूस. माझा सगळ्यात जास्त संताप याचाच आहे.

नंतर मी मामाला घेऊन जिल्हा रुग्णालयात गेले. यूडीआयडीचा अर्ज ऑनलाइन भरला होता, त्याला फी नाही. तिथल्या डॉक्टरांनी मामाला पलंगावर आडवं केलं, कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय टेपने मोजले, गुडघा किती वाकतो ते पाहिलं, हाताने दाबून धरून "आता जोर लावा" म्हणाले. या मोजमापावरून टक्के ठरतात. म्हणून जो कुणी रुग्णाला न तपासता टक्के वाढवून देतो म्हणेल, त्याच्याशी पुढे एक शब्द बोलू नका. मिळालेले टक्के कमी वाटले तर फेरतपासणीसाठी रीतसर अपील करता येतं, त्याला एजंट लागत नाही.

मामाला या वेळी ५४ टक्के मिळाले. संजय गांधीचा अर्ज तहसीलमध्ये जमा केला आहे. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना या योजनेत महिना २,५०० मिळतात, आधी १,५०० होते. रक्कम वाढल्यापासून एजंटही वाढलेत.

त्या माणसाविरुद्ध पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. रोख दिलेल्या पैशांचा काहीच पुरावा नाही, फोनपेचा आहे. तुमचे पैसे असे मोबाइलवरून गेले असतील, तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा, व्यवहाराचा स्क्रीनशॉट पुसू नका आणि ते खोटं कार्ड रागाने फाडूही नका. पोलिसांनी आमच्याकडे पहिल्यांदा तेच मागितलं.