आठवी डिस्क: स्टेपनी की जोडचाक?

आठ बेचा (डिस्क बसवायच्या खणांचा) स्टोरेज बॉक्स आणि १६ टीबीच्या आठ डिस्क. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून डेटा वाचवायची सोय: रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी चालते, रेड ६ मध्ये दोन. सात डिस्कचा रेड ५ करून आठवी हॉट स्पेअर ठेवा, नाहीतर आठही डिस्कचा रेड ६ करा. वापरायला दोन्हीकडे ९६ टीबीच मिळतात. पैसे तेच, जागा तीच. फरक कळतो तो डिस्क गेल्यावर.

हॉट स्पेअर म्हणजे स्टेपनी, फक्त स्वतःहून बसणारी. शनिवारी रात्री डिस्क गेली तरी रेड सांभाळणारा कंट्रोलर लगेच स्पेअर कामाला लावतो आणि उरलेल्या डिस्क वाचून गेलेला डेटा तिच्यावर उतरवू लागतो. इथेच बरेच जण फसतात. स्पेअरमुळे माणूस येईपर्यंतचा वेळ वाचतो, रिबिल्डचा, म्हणजे डेटा पुन्हा उतरवण्याचा, नाही. सेकंदाला २०० एमबी धरले तरी १६ टीबी लिहायला २२ तास जातात. वरून रोजचं काम चालू असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पटही. तेवढा वेळ रेड ५ उघड्यावर. दुसरी डिस्क गेली की खेळ खलास. शिवाय उरलेल्या सहा डिस्कवरचे ९६ टीबी एकही सेक्टर न अडखळता वाचले जावे लागतात, आणि बऱ्याच एंटरप्राइझ डिस्कच्या माहितीपत्रकात वाचनदोषाची कमाल मर्यादा साधारण १२५ टीबीमागे एक अशी असते.

रेड ६ मध्ये आठवी डिस्क ट्रकच्या जोडचाकासारखी पहिल्या दिवसापासून भार उचलते. एक गेली तरी दुसऱ्या पॅरिटीचा (गेलेला डेटा परत काढून देणाऱ्या जादा माहितीचा) आधार उरतो. किंमत मोजायची ती लिहिताना: एका छोट्या लिखाणामागे रेड ५ ला चार वाचन-लेखनं लागतात, रेड ६ ला सहा. डेटाबेसला हे जाणवेल. फाइल सर्व्हरला फारसं नाही. एकच अ‍ॅरे (रेडमध्ये बांधलेला डिस्कचा संच) असेल तर मी डोळे मिटून रेड ६ घेईन.

अ‍ॅरे चार-पाच असतील, किंवा बॉक्स अशा ठिकाणी असेल की माणूस पोचायला दोन दिवस लागतात, तर रेड ६ च्या जोडीला ग्लोबल स्पेअर, म्हणजे सगळ्या अ‍ॅरेंना मिळून एक स्पेअर, हवाच. लिनक्सवर अ‍ॅरेंना एकच स्पेअर-ग्रुप दिला की मॉनिटर मोडमधला (सतत लक्ष ठेवणारा) एमडीएडीएम हा रेड सांभाळणारा प्रोग्राम गरज पडेल तिकडे स्पेअर हलवतो. फक्त ती डिस्क लहान नको, आणि अधूनमधून तपासायला हवी. स्टेपनीत हवाच नाही हे पंक्चर झाल्यावर कळून काय उपयोग?

नवी डिस्क आल्यावर मात्र प्रत्येकाची रीत वेगळी. मेगारेड कंट्रोलरमध्ये कॉपीबॅक ही सोय चालू असेल तर डेटा नव्या डिस्कवर जातो आणि स्पेअर मोकळी होते. झेडएफएस या फाइल सिस्टिममध्येही बदली पूर्ण झाली की स्पेअर परत रांगेत. ईएमसीच्या व्हीएनएक्स२ या जुन्या स्टोरेज बॉक्समध्ये स्पेअर तिथेच कायम होते. मला ही शेवटची रीत आवडते, कारण डेटाची दुसरी फेरी वाचते. पण मग कोणत्या बेमध्ये काय आहे याची चिठ्ठी बॉक्सवर चिकटवा.

ओपनझेडएफएस (झेडएफएसचा मुक्तस्रोत अवतार) २.१ पासून डीरेड हा रेडचा प्रकारही आहे. त्यात स्पेअरची जागा सगळ्या डिस्कवर विखुरलेली असते, त्यामुळे रिबिल्ड एका डिस्कच्या वेगाला अडकत नाही. डझनावारी डिस्क असतील तरच तिकडे बघा.