मतदान: सक्तीचं की मर्जीचं?

१९ एप्रिल २०२४ला नागपुरात लोकसभेसाठी जेमतेम ५४ टक्के मतदान झालं. त्याच दिवशी विदर्भातल्याच गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के, आणि तिथल्या काही भागांत तर दुपारी तीनलाच मतदानाची वेळ संपली होती! शहरात राहणाऱ्या मला याची खरंच लाज वाटते.

मग सक्ती करावी? ऑस्ट्रेलियात ती १९२४पासून आहे. योग्य कारण नसेल तर २० डॉलर दंड, आणि मतदान ९० टक्क्यांच्या आसपास. उमेदवाराला सगळ्याच वस्त्यांची दखल घ्यावी लागते, हा मोठाच फायदा. पण तिथे मतदान शनिवारी असतं, टपालानेही मत देता येतं. आपल्याकडे गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी असा कायदा केला, त्याला २०१५मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

मर्जीच्या मतदानात उदासीनता वाढते, हे खरं. तरी माझा कल तिकडेच. आमच्या शेजारच्या काकू त्या दिवशी डोक्याला दुपट्टा बांधून, हातात जुनी चिठ्ठी घेऊन दोन केंद्रं फिरल्या. यादीत नावच नव्हतं. सक्ती असती, तरी त्यांना मत देता आलंच नसतं. आधी याद्या दुरुस्त करा, केंद्रांवर मंडप टाका, प्यायला पाणी ठेवा. दंडाचं मग बोलू.